सत्काराचा माइक

दहावीचा निकाल लागला की आमच्या मंडळात सत्कार असायचा. मराठवाड्यातून, कोकणातून येऊन मीरा रोडला स्थिरावलेली आमची बौद्ध कुटुंबं एरवी आपापल्या नोकऱ्यांत बुडालेली. पण त्या रविवारी पांढरे कपडे घालून सगळी हॉलमध्ये हजर. वंदना व्हायची, पंचशील व्हायचं, मग पास झालेल्या प्रत्येकाला गुलाबाचं फूल आणि डिक्शनरी. त्यानंतर खरी परीक्षा. पुढे कोण होणार, ते प्रत्येकानं माइकवर सांगायचं. डॉक्टर, वकील, कलेक्टर. टाळ्या पडायच्या, आणि एकदा टाळ्या पडल्या की तो शब्द त्या मुलाचा राहत नसे, सगळ्या हॉलचा व्हायचा. कुणी जुनी पुस्तकं आणून द्यायचं, कुणी फुकट शिकवायचं, कुणी भर बाजारात हाक मारायचं, "काय डॉक्टर, अभ्यास चाललाय ना?" फार मायेचा जाच होता तो.

माझा सत्कार झाला त्या वर्षी मला टर्नर व्हायचं होतं.

ट्यूशनच्या वाटेवर हाटकेशला एक गाळा लागायचा. अर्ध्या शटरखालून टर्नर चालवतो ती लेथ मशीन दिसायची. लोखंडाची सळई गरगर फिरत असायची, टूल टेकलं की चकचकीत कीस वेटोळी घेत खाली पडायचा आणि त्या ओबडधोबड लोखंडातून गुळगुळीत, अगदी मापाची वस्तू निघायची. मी ट्यूशन बुडवून तिथेच उभा राहायचो. एकदा गाळेवाले शेठ म्हणाले, "बाहर से क्या देखता है, अंदर आ." आत गेलो आणि कायमचा अडकलो.

हे आईला ठाऊक होतं, बाबांना नाही. बाबा सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून लागले आणि रात्रशाळा करून क्लार्क झाले. खिशाला कायम दोन पेनं. पूनम सागरमधल्या आमच्या वन रूम किचनमध्ये पाहुण्याला पाय पसरायला जागा नव्हती, पण माझ्या अभ्यासाचं टेबल होतं.

माइकसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "मला आयटीआयला जायचंय. टर्नर व्हायला."

सवयीनं सुरू झालेल्या टाळ्या मध्येच थबकल्या. मंडळाचे अध्यक्षकाका म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, सोन्यासारखा माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक स्वतःकडे वळवला आणि हसून म्हणाले, "पोरगं घाबरलंय. मेकॅनिकल इंजिनियर म्हणायचंय त्याला!" हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या पहिल्या रांगेतल्या बाबांनी. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या तोंडून पुढे शब्दच फुटला नाही.

शब्द फुटला तो घरी, जेवताना.

"घाबरलो नव्हतो, बाबा. मला खरंच टर्नर व्हायचंय."

"अरे, इंजिनियर हो की. मशीनच बघायचीय ना?"

"बघायची नाही. चालवायचीय."

बाबांचा हात ताटातच थांबला. "तुझ्या आज्यानं आयुष्यभर गावाची कामं केली. सांगतील ती. जमतं का, आवडतं का, कुणी विचारलं नाही. पोराच्या हातात पेन दिसावं म्हणून मी गाव सोडलं. आणि तू परत हातानंच राबणार?"

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अडेलतट्टूपणाही मी त्यांच्याकडूनच घेतलेला. म्हणालो, "आज्याला लोकांनी सांगितलं होतं. मला कुणीच सांगितलं नाही. मी निवडतोय."

ते ताटावरून उठले. आई म्हणाली, "त्याचं ऐकून तरी घ्या." पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी रजा टाकून म्हणाले, "चल, कागदपत्रं घे." घोडबंदरमार्गे ठाण्याच्या बसमध्ये ते सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत बसले. माझं आयटीआयचं अॅडमिशन झालं तेव्हा एवढंच बोलले, "तुझं झालं. मंडळात मी काय सांगू?"

मंडळात त्यांनी काहीच सांगितलं नाही. पुढच्या सत्काराला ते पहिली रांग सोडून शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले आणि पुढे दरवर्षी तिथेच बसू लागले. "इंजिनियर काय म्हणतोय?" असं कुणी विचारलं की "चाललंय" म्हणायचे. आपल्या बापाची खुर्ची आपल्यामुळे मागे गेली, हे मला दिसत होतं.

शिकून झालं, मी त्याच गाळ्यात कामाला लागलो आणि चार-पाच वर्षांनी एका सत्काराला अध्यक्षकाकांनी मला पाहुणा म्हणून बोलावलं. मुलांना दोन शब्द सांगायला. मी सकाळी ब्रशनं बोटं घासघासून धुतली, पण नखांतलं तेलाचं काळं काही जाईना. स्टेजवर हात पँटच्या खिशात घालून उभा राहिलो.

"आपल्या मंडळाचा मुलगा, मेकॅनिकल इंजिनियर..." काकांनी ओळख करून द्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या टाळ्यांवर त्यांचा अजून विश्वास होता. मी त्यांना अडवणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाबा उभे होते. माइकशिवाय त्यांचा आवाज फारसा पोचत नसे, पण हॉल गप्प झाला होता.

"इंजिनियर नाही," ते म्हणाले. "टर्नर आहे तो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं निवडलंय."

मी खिशातले हात बाहेर काढले आणि माइक धरला.