पांढऱ्या पायाचे कप्तान

उभ्या नेदरलँड्समध्ये आमच्या धक्क्यावरच्या कप्तानांइतका पांढऱ्या पायाचा माणूस दुसरा नसेल. बुडणारं जहाज उंदीर आधी सोडतात म्हणे. कप्तान नेमके तेव्हाच शिडी चढायचे. घराणं सरदारी, आडनाव एका श्वासात न मावणारं, बोटात शिक्क्याची अंगठी आणि कोटाची कोपरं विरलेली. तरुणपणी आरमारात गेले. पहिल्या जहाजावर जेमतेम रुळले, तोच ते भंगारात निघालं. दुसरं दूरच्या कुठल्याशा देशाला विकलं. तिसऱ्यावर ते कप्तान म्हणून येताहेत एवढं कळताच खलाशांनी सामान बांधायला घेतलं. पुढे आरमारानेही हा गुण ओळखला. जहाज मोडीत काढायचं ठरलं की यांनाच पाठवायचे. निशाण उतरवायचं, घडी करायची आणि सगळ्यांच्या शेवटी खाली उतरायचं, एवढीच कारकीर्द. "युद्ध एकही पाहिलं नाही," ते मान ताठ करून सांगत, "पण निशाणाची घडी माझ्यासारखी कुणाला जमत नाही."

फोरबर्गपासून सायकलच्या टप्प्यावर, कालव्याच्या वळणावर आमचा धक्का होता. बोटवाले त्याला 'प्रजासत्ताक' म्हणत. स्वतःचं निशाणही शिवून घेतलं होतं. एके काळी म्हणे तिथे बोटीला बोट घासत असे. मी आले तेव्हा उरलेल्या बोटींपैकी निम्म्या हलत नव्हत्या आणि बाकीच्या हलवायला कुणी धजत नव्हतं. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी खानावळ. नवरा हूफडॉर्पला कॉम्प्युटरसमोर बसतो आणि मी त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून या देशात आले, पण खानावळ माझी. शेगडीपासून खुर्च्यांपर्यंत एकेक वस्तू मी भांडून, घासाघीस करून आणलेली.

तिथे एका सकाळी आपली जुनी होडी बांधून कप्तान, म्हणजे प्रजासत्ताकाचे हे नवे सभासद, वडा मागायला आले. घासाघिशीत खाली उतरायला जागा हवी म्हणून मी भाव चढवून सांगितला. त्यांनी टोपी काढली, मागितले तेवढे पैसे ठेवले आणि "आभारी आहे, मेवरॉव परब," म्हणाले. म्हणजे परबबाई. माझं डोकंच फिरलं! मी वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात वाढलेली. जो घासाघीस करत नाही तो एक तर चोर असतो, नाहीतर त्याने माल आधीच हलवलेला असतो.

तेव्हापासून मी त्यांच्यावर डोळा ठेवला. माणूस बदकांनाही अहो-जाहो करायचा. "सरकता का जरा?" असं विचारून बदक सरकेपर्यंत उभा राहायचा. सूर्य मावळताना निशाण उतरवायचा, आणि तेवढा वेळ माझ्या गिऱ्हाइकांनी हातात रश्श्याची वाटी घेऊन उभं राहायचं. त्यांच्या जहाजांची कथा कळल्यावर तर माझी खात्रीच पटली. हा माणूस इथे आला, म्हणजे आता धक्क्याचं काही खरं नाही.

"अगं, एकटा आहे बिचारा," नवरा म्हणाला.

"बिचारे होते म्हणून आमच्या गावात वखार बांधून बसले होते का?"

वेंगुर्ल्यातल्या त्या पडक्या डच वखारीबद्दल मी कप्तानांनाही सुनावलं. वाटलं, वरमतील. त्यांनी हळूच विचारलं, "तिथून शेवटी कोण बाहेर पडलं?"

"मला काय ठाऊक! मी पाहिलं तेव्हा आत गुरं होती."

आणि धक्क्याबद्दल मला धास्ती होती, तसंच झालं. नगरपालिकेने धक्का हटवून घरं बांधायची ठरवलं. धक्का गेला की खानावळही जाणार. सभेत मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "बोलणी करायला मला पाठवा. मी त्यांच्या नाकी नऊ आणते." प्रजासत्ताकाने एकमताने कप्तानांना पाठवलं. का, तर ते सभ्य! ते मला अजून टोचतं.

मग कप्तानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. काय बोलणं झालं, विचारलं तर "चालू आहे" एवढंच. एकदा मी डोळ्यांनी पाहिलं, नगरपालिकेच्या माणसाने गाडीच्या टपावर नव्या इमारतीचा नकाशा पसरलाय आणि यांचं बोट वरच्या मजल्यावर. मी समजून चुकले, सौदा झाला.

शेवटी ते आले, टोपी काढली आणि म्हणाले, "एक उन्हाळा मिळाला."

"एकच? मी पाच वर्षं आणली असती! आणि तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर?"

"एवढ्या उंचावर कुणी राहतं का, विचारत होतो. मला उंचीची भीती वाटते, मेवरॉव." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "पाच वर्षं तुम्ही आणलीही असती. मला मात्र आजवर कुठल्याच जहाजासाठी एक दिवसही वाढवून मिळाला नव्हता."

त्या उन्हाळ्यात खानावळीत बसायला जागा नसायची. जाणार म्हटल्यावर लोकांना धक्का आठवला. कप्तान रोज वडा खायचे आणि मी सांगेन तो भाव द्यायचे. मीच हळूहळू खरा भाव सांगू लागले.

शेवटच्या दिवशी बोटी ओढून नेल्या. निशाण उतरलं, त्याची घडी झाली. घडी खरंच सुरेख होती. शेडच्या दारात थांबून ते म्हणाले, "आधी तुम्ही, मेवरॉव."

याला शेडची किल्ली हवी आहे, हेच माझ्या मनात आलं. "तुम्ही व्हा पुढे."

"कप्तान शेवटी उतरतो."

"शेगडी माझी, भांडी माझी, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली ती मी. शेवटी मीच निघणार!"

मी पदर खोचून तयार होते. वाटलं, आता तरी हा माणूस घासाघीस करील. त्यांनी शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "जहाज तुमचं आहे." निशाणाची घडी माझ्या हातांवर ठेवली, सलाम केला आणि सायकलवर बसून निघाले. वाटेत बदकं होती. त्यांच्यासाठी थांबले, मग गेले. याही वेळी मी मागितलं तेवढं त्यांनी देऊन टाकलं होतं.

ते आता ग्रोनिंगनला बहिणीकडे असतात. मी हूफडॉर्पला नवी खानावळ काढली आहे. निशाण तिथे फळीवर आहे. लावा की, लोक म्हणतात. पण लावायचं तर घडी मोडावी लागेल, आणि तशी घडी मला पुन्हा घालता यायची नाही.