हृदयावरील ताण मोजण्यास ना हरकत मिळणेबाबत

विषय : हृदयावरील ताण मोजणारे यंत्र छातीत बसवून घेण्यास ना हरकत मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. सुकदेव, चेनमन, जळगाव कार्यालय, यांचा साध्या कागदावरील अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साचतात. मूळव्याध आणि किस्से. मूळव्याधीवर आता चांगले इलाज निघालेत. किस्से मात्र तसेच राहतात. आम्ही चार निवृत्त कारकून संध्याकाळी चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ते आबांचं सांग." मी सांगतो. सगळे हसतात. मीही हसतो, कारण सांगणारा हसला नाही तर ऐकणाऱ्याचा चहा बेचव होतो.

आमचं खातं जमिनी मोजण्याचं. याहून जास्त ओळख देत नाही. आमचं ऑफिस जळगावला, वरचं ऑफिस धुळ्याला. जळगावहून निघालेला कागद एसटीने गेला तर अडीच तासांत धुळ्याला पोचतो, टपालाने गेला तर आठ दिवसांत. योग्य मार्गाने गेला तर कधी पोचतो, ते बघायचं माझं राहून गेलं.

*

सुकदेव आबा मूळचे पिंपळनेरकडचे. नोकरी चेनमनची, म्हणजे मोजणीच्या लोखंडी साखळीचं एक टोक धरून शेतभर चालायचं आणि मोजणीदार म्हणेल तेव्हा ओढायचं. पन्नाशी उलटली तरी आबा साखळी अशी ओढत की दुसऱ्या टोकाचा माणूस दोन पावलं पुढे यायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आबांना चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. छातीत मध्येच कोंबडं फडफडल्यासारखं व्हायचं. मुंबईचे एक हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदा जळगावला येत, त्यांनी तपासलं. म्हणाले, "आबा, तुमच्या हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातोय. तो जास्त ताणला गेला की ठोके चुकतात. एखाद दिवशी चुकतील ते परत लागणार नाहीत."

आम्हा शिकलेल्यांना हे कळायला वेळ लागला. आबांना लगेच कळलं. लोखंडी साखळी वर्षानुवर्षं ओढली की तिची कडी उघडतात, साखळी लांबते, आणि शेतकऱ्याचं शेत कागदावर कमी भरतं. म्हणून आमच्या ओट्यावर दोन दगडी खुणा होत्या, त्यांवर साखळी तपासून घ्यायची.

आबांनी डॉक्टरांना विचारलं, "मग मनी साखळी तपासाले दगड कोठे शे?"

डॉक्टर म्हणाले, "दगड निघालाय. परदेशातून आलाय."

*

तो दगड म्हणजे एक लहानसं यंत्र. छातीत बसवायचं. हृदय किती ताणलं जातंय ते यंत्राला कळणार, आणि ठोके बिघडायच्या आधीच ते सावरून घेणार. अजून प्रयोगातलं होतं. मुंबईच्या एका दवाखान्यात मोजक्याच रोग्यांना बसवणार होते, तेही फुकट. आबांची एक जागा डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत धरून ठेवली. अट एकच. सरकारी नोकर असेल तर खात्याचं ना हरकत पत्र हवं. एक कागद, एक सही, एक गोल शिक्का.

अर्ज मी लिहिला. इथून पुढे जे झालं त्याचा मूळ आरोपी मी. डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीत शब्द होता 'स्ट्रेच'. ऑफिसात वाचनाचा नाद मला एकट्यालाच, त्यामुळे मराठी शब्द शोधायची खाज मलाच. आधी 'ओढ' लिहिलं. पण हृदयाची ओढ म्हटलं की साहेब अर्ज प्रेमप्रकरण म्हणून परत करतील. म्हणून ते खोडलं आणि लिहिलं, 'ताण'.

'अर्जदाराच्या हृदयावर ताण येत असल्याने सदर ताण मोजणारे यंत्र बसवणे आवश्यक आहे.' वाक्य मला फार आवडलं होतं. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झकास शे भाऊ." आणि सही केली.

*

साहेबांनी अर्ज वाचला, दार लावून घेतलं आणि मला बोलावलं.

"ऑफिसात ताण आहे?"

"ऑफिसात नाही साहेब, हृदयात."

"हृदय ऑफिसात येतं की नाही रोज? उद्या यंत्राने लिहून दिलं की साहेब समोर आले तेव्हा ताण वाढला, तर वर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी ती उलटी करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. त्याचाही त्यांना संशय आला.

दुसऱ्या दिवशी आबांना मेमो निघाला. 'आपणावर येणाऱ्या ताणाचे कारण, तो कोणामुळे येतो, व कार्यालयीन वेळेत येतो किंवा कसे, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

आबा खुलासा द्यायला स्वतःच केबिनमध्ये गेले. हात जोडून म्हणाले, "साहेब, ताण मना छातीमा शे, हापिसमा नही."

साहेब म्हणाले, "हेच लेखी द्या. दुसरा भाग आधी लिहा."

*

बातमी संघटनेपर्यंत गेली. आमचे अध्यक्ष सोनवणे. माणूस प्रामाणिक, पण घोषणा सापडली की बाकी काही दिसत नसे. त्यांनी दुपारच्या सुट्टीत गेटवर सभा घेतली. आबांना खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. बाजूच्या रसवंतीवाल्याने विचारलं, "आबा रिटायर झाले का?"

सोनवण्यांनी माइकशिवायच गर्जना केली. "ताण एकट्या आबांना आहे काय? ताणमापक यंत्र बसवायचं तर सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवा!"

टाळ्या पडल्या. आबा उठून म्हणाले, "सोनवणेभाऊ, माले एकलाले बसू द्या. दिवाळीलोंग येळ शे."

"आबा, स्वतःपुरतं पाहू नका," सोनवणे म्हणाले, आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं.

सभा यशस्वी झाली. त्याच संध्याकाळी साहेबांनी आबांच्या अर्जावर लाल पेन्सिलीने 'गोपनीय' लिहिलं. आता तो अर्ज कुठे आहे हे अर्जदारालाही सांगायची बंदी.

*

तरी अर्ज धुळ्याला गेला, हे मी गोपनीयतेचा भंग करून आबांना सांगितलं. महिनाभर उत्तर नाही. मग आम्ही दोघं रजा टाकून सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. आस्थापना शाखेत विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडे नाही. त्यात 'यंत्र' आहे, 'मोजणी' आहे. भांडार शाखेला दिलाय."

भांडार शाखेत साखळ्या, फळ्या आणि मोडकी स्टँडं यांच्यामध्ये एक लिपिक बसले होते. फाइल त्यांच्यासमोरच होती, याचा मला आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"यंत्राचा अनुक्रमांक?"

"अजून बसवलेलं नाही," मी म्हणालो.

"मोजणीचं एकक? फूट की मीटर?"

मी अर्जाची नक्कल चाळली. त्यात एकक नव्हतं.

"कोणाच्या ताब्यात राहणार?"

"यांच्या. म्हणजे यांच्या आत."

लिपिकांनी आबांकडे चष्म्यावरून पाहिलं. बिचारे वाईट नव्हते, त्यांनी आम्हाला चहाही मागवला. पण मोजणीचं यंत्र कर्मचाऱ्याकडे दिलं की निवृत्तीच्या वेळी भांडारात जमा झालंच पाहिजे, असा नियम. तसं हमीपत्र द्या, म्हणाले.

आबा हसले. धुळ्यात ते तेवढे एकदाच हसले. "जिवत शे तोवर ते काढता येस नही, दादा. मराना नंतर लई ज्या."

लिपिकांनी विचार केला आणि म्हणाले, "चालेल. तसं लिहा."

मी लिहिलं. आबांनी सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

*

हमीपत्राने काम होईल असं वाटलं होतं. त्यावर धुळ्याहून एकच ओळ आली. 'सदर कर्मचारी चेनमनचे काम करण्यास सक्षम आहे काय, याबाबत अभिप्राय द्यावा.'

साहेब पहिल्यांदाच खरोखर अडचणीत आलेले दिसले. आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "सक्षम लिहिलं तर ते म्हणतील, मग यंत्र कशाला? अक्षम लिहिलं तर म्हणतील, मग नोकरी कशाला? आबा, तुम्हीच सांगा."

आबांची धाकटी मुलगी लग्नाची होती. क्वार्टर सरकारी होतं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "सक्षम लिखा."

साहेबांनी 'सक्षम' लिहिलं. तोवर मी आबांना गुपचूप टपाल वाटायच्या हलक्या कामावर ठेवलं होतं. आता लेखी सक्षम झालेल्या माणसाला टपालावर कसं ठेवणार? सोमवारपासून आबा पुन्हा साखळीवर गेले.

तुम्ही म्हणाल, नोकरीच सोडायची होती, मग हरकत घ्यायला कुणी उरलंच नसतं. आबांनी ते विचारलं होतं मला. मी सांगितलं की राजीनामाही मंजूर व्हावा लागतो, आणि तोही याच मार्गाने जातो.

*

इथून पुढचं मी चहावर सांगत नाही.

दिवाळीला बारा दिवस राहिले होते. डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं. 'पत्र या आठवड्यात न आल्यास जागा दुसऱ्या रुग्णास द्यावी लागेल.' साहेब पुण्याला ट्रेनिंगला गेलेले. साहेब नसले की स्मरणपत्रांवर त्यांच्या नावावर 'करिता' लिहून मी सही करत असे. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असायचा.

आबा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पोस्टकार्ड काचेवर ठेवलं.

"भाऊ, तूच सही करी दे ना."

"आबा, माझी सही स्मरणपत्राला चालते. ना हरकतीला नाही."

"मुंबईमा कोण देखाव शे?"

"उद्या ऑडिटमध्ये निघालं तर?"

"ऑडिटवाला मनी छाती उघडीसन देखाव शे का?"

माझ्या नोकरीची अकरा वर्षं शिल्लक होती. मी म्हणालो, "धुळ्याला तातडीचं स्मरणपत्र टाकतो." टाकलंही. त्यावर 'करिता' लिहून सही केली, शिक्का मारला. शिक्का अगदी स्वच्छ उमटला होता.

आबांनी पोस्टकार्ड खिशात ठेवलं, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, अक्षर मातर तुनं चांगलं शे."

*

जागा दुसऱ्याला गेली. डॉक्टरांनी तसं कळवलं, पुढे पुन्हा यंत्रं आली तर बघू असंही लिहिलं.

थंडीत पाचोऱ्याजवळ एका शेताची मोजणी होती. दोन भावांचा बांधावरून वाद, दोघंही हजर. सकाळची वेळ. साखळीच्या एका टोकाला दुसरा चेनमन, एका टोकाला आबा. मोजणीदार वहीत डोकं घालून म्हणाला, "आबा, ओढा."

आबा बांधावर बसले होते. साखळी हातात होती.

"आबा, ओढा ना."

वाद घालणारे दोघे भाऊच आधी धावले म्हणतात. एकाने डोकं मांडीवर घेतलं, एकाने पाणी आणलं.

त्या मोजणीच्या कागदावरचा शेरा मी स्वतः जावक केला. 'साखळीचे एक टोक स्थिर न राहिल्याने फेरमोजणी घेण्यात यावी.'

*

आबांना जाऊन दोन महिने झाल्यावर धुळ्याहून पत्र आलं. 'अर्जदाराने ताणाची सद्यःस्थिती कळवावी.'

मी कळवलं की अर्जदार मयत आहे, सबब अर्ज निकाली काढावा. त्यावर उत्तर आलं की अर्ज निकाली काढण्यास अर्जदाराने तो मागे घेतल्याचे पत्र आवश्यक आहे, आणि अर्जदार मयत असल्यास त्याच्या वारसाला यंत्र हवे आहे किंवा कसे, याबाबत जबाब घेऊन पाठवावा.

साहेब बदलून गेले होते. नवे साहेब म्हणाले, "घेऊन टाका जबाब. एकदाची फाइल बंद होईल."

आबांच्या पत्नी, अक्का, आल्या. सोबत धाकटी मुलगी होती. क्वार्टर सोडायची नोटीस त्यांना आदल्या आठवड्यातच लागली होती. मी त्यांना खुर्ची दिली, पण त्या जमिनीवर बसल्या. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांना कळलं नाही म्हणून पुन्हा वाचलं. मग साध्या बोलीत सांगितलं की अक्का, ते ताण मोजायचं यंत्र आता तुम्हाला हवं की नको, एवढंच विचारलंय. नको म्हणा आणि अंगठा द्या.

अक्कांनी पदर सारखा केला. मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको कसं म्हनू?" त्या म्हणाल्या. "मना छातीमा बसाडी द्या. ताण आते माले शे."

मी म्हणालो, "अक्का, असं लिहिता येत नाही."

"तुमीच ते लिखणार शेत ना? मंग लिखा."

मी लिहिलं. त्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता. त्यांनी अंगठा दिला. जबाब धुळ्याला रवाना केला आणि जावक क्रमांक टाकला.

मी निवृत्त झालो त्या दिवशी प्रलंबित प्रकरणांची यादी नव्या कारकुनाच्या हवाली केली. त्यात हा अर्ज होता. परवा तो कारकून बाजारात भेटला. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.