मंगलाष्टकांना बंद पडणारं मशीन

सेलूला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा लग्नातले भोंगेवाले काचेच्या व्हॉल्व्हची आवाज वाढवणारी जडशीळ मशीनं वापरायचे. मी हौसेनं मुंबईहून तयार मॉड्यूल मागवलं, व्हॉल्व्हचं सगळं काम एकटं करणारं. काडेपेटीपेक्षा जरासं मोठं, पण आवाज दणदणीत. ते पत्र्याच्या सुबक डब्यात बसवलं. त्याची उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पट्टी बाहेरून वाईट दिसायची, म्हणून ती कापून लहान केली आणि आतच ठेवली.

ते मशीन देवगाव फाट्याच्या एका भोंगेवाल्यानं नेलं. पंधरा दिवसांत तो दारात.

"मिस्त्री, दोन घंटे गाणी म्हणलं अन् बरोबर मंगलाष्टकं सुरू झाली की मेलं. भटजी माझ्याकडं बघायलाय, वरबाप माझ्याकडं बघायलाय!"

मॉड्यूल जळालं होतं. लाइट कमीजास्त होते, असं सांगून मी नवं घातलं. तेही पुढच्याच लग्नात गेलं. तिसरं घातलं आणि मी स्वतःच त्याच्याबरोबर लग्नाला गेलो.

वैशाखातली दुपार. मशीनवर मखमली झूल!

"घरच्यांनी शिवली," तो कौतुकानं म्हणाला. "धूळ बसू नाही म्हणून."

झूल काढली, तरी डबा हात लावू देईना. पट्टी मीच आत कोंडली होती; दोन तासांच्या गाण्यांत तापून मॉड्यूल नेमकं मंगलाष्टकांना जळत होतं. चूक कुणाची ते मला मांडवातच कळलं, पण सांगायची हिंमत होईना. तिकडं नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला होता. मी भाताच्या पातेल्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण उचललं, त्याला दोन भोकं पाडली, डब्याचा मागचा पत्रा काढला आणि झाकण थेट पट्टीला बोल्टांनी आवळलं.

आचारी झारा घेऊन आला. "माझं झाकण कुठंय?"

"गप ऱ्हावा मामा," भोंगेवाला म्हणाला, "झाकण मंगलाष्टकं म्हणायलंय."

शेवटच्या 'सावधान'पर्यंत आवाज खणखणीत राहिला. भात मात्र कच्चा राहिला. पंगतीत तो चावता चावता मी भोंगेवाल्याला सगळं कबूल केलं. त्यानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला.

"दोन गावांत लय बोलणी खाल्ली मी," तो म्हणाला. "ह्ये त्या दोन्ही वरबापांना तुमीच सांगायचं. चला."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला सायकलवर डबल सीट नेलं. पहिल्या वरबापानं मान हलवून ऐकून घेतलं. दुसऱ्यानं चहा पाजला आणि घरचा बंद पडलेला रेडिओ माझ्यापुढं आणून ठेवला. तो बोलता करूनच मी उठलो.