दाराजवळचा बोल्ट

व्हर्नीस टोलेफसनला दफनभूमीत पोचवून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. कुणीतरी म्हणालं, "आर्विड, तू शेजारी तिचा. सांग ना काहीतरी." आर्विड लुंडीनने घाईघाईने बटाट्याचा मोठा घास तोंडात कोंबला. सांगणार काय? बाई इंजिनं दुरुस्त करायला कुठं शिकली, संध्याकाळी एकटी काय करायची, त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती मार्चमधली एक दुपार, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

बर्फाला भोक पाडून आत बसून मासे धरायची त्याची खोपटी तेव्हा अजून गोठलेल्या तळ्यावर उभी होती. बर्फ पाणी सोडायला लागला होता. शनिवारपर्यंत ओढून काढली नाही, तर खोपटी थेट तळाशी. आणि ओढणारी पिकअप व्हर्नीसच्या गॅरेजात उघडी पडली होती. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची, म्हणजे हेडखालची, गॅस्केटची पट्टी गेली होती.

"बोल्ट सगळे नवे घालायचे," व्हर्नीसने बजावलं होतं. "एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा धरत नाही."

आर्विडने नवे आणले. पण दिसायला धडधाकट असलेले जुने बोल्ट भंगारात टाकायला मिनेसोटातल्या त्या गावात कुणाचाच हात धजला नसता. व्हर्नीस कॉफी आणायला आत गेली, तेवढ्यात त्याने एक जुना बोल्ट पुसून नव्यांत मिसळला आणि एक नवा शर्टाच्या खिशात टाकला. अडीअडचणीला असावा.

हेडचे बोल्ट मधून आवळायला घ्यायचे आणि आलटूनपालटून बाहेर सरकायचं. हा क्रम लक्षात राहावा म्हणून व्हर्नीसने बोल्टांना चर्चमधल्या बाकांवर बसणाऱ्यांची नावं दिली होती.

"हे मधले हाल्वरसन," तिने पाना लावला. "गातात बेसूर, पण बसतात घट्ट. हे समोरचे ओडेगार्ड. जरा आवळलं की कुरकुरतात. आणि ही मर्टल. ऐक, फिरतानासुद्धा बोलतेय!"

आर्विड खुदकन हसला.

"आणि हा कोपऱ्यातला, दाराजवळचा. प्रार्थना संपायच्या आत पळणारा."

"मी?"

"मग काय, पाळक?"

शेवटचा पाव फेरा देताना बाकीचे बोल्ट हाताशी भांडले. कोपऱ्यातला मात्र लोण्यात फिरावा तसा फिरला.

"आर्विड, तू तर अगदीच मऊ लागतोयस रे."

"थंडीमुळे असेल."

"खिशातला काढ."

"कुठल्या खिशातला?"

"मघापासून छातीवर हात ठेवून उभा आहेस त्या. राष्ट्रगीत चाललंय का इथं?"

कान लाल करून त्याने नवा बोल्ट काढून दिला. तिने तो बसवला, आणि जुना शिकंज्यात धरून हातोडीने वाकडा केला. "बाकीचेही आण," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाही."

शनिवारी खोपटीचे पाय बर्फात रुतले होते. पिकअप गुरगुरली, चाकं घसरली, आणि खोपटी एकदाची करकरत सुटली. व्हर्नीस काठावर बघत उभी होती. तिच्यापाशी येऊन त्याने काच खाली केली. त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते तिथंच.

"तापमानाचा काटा?"

"मध्यावर."

"मग निघ की. माझ्या बुटात पाणी शिरतंय."

"ये ना, बस. घरी सोडतो."

"त्या माशांच्या वासात? मी चालत जाईन."