आरशावरचा हार

दसऱ्याला गाडीची पूजा करून आम्ही तिघं, मी, बायको आणि आई, तीर्थपुरीहून जालन्याला निघालो. बायको सकाळपासून शिंकत होती. तिने आणि आईने टोपलीभर झेंडू ओवला होता. एक हार दाराला गेला, एक ट्रॅक्टरला आणि एक आईने गाडीतल्या आरशाला बांधला. पूजेचा हार सुकेपर्यंत काढायचा नाही, अशी आईची शिस्त.

वाटेत रस्त्याचं काम चालू होतं. बायको खोकायला लागली तशी मागून आई म्हणाली, “काचा लाव, बाबा. धुळीनं ठसकून राह्यली ती.”

मी काचा लावल्या, एसी वाढवला. झोतात हार तिच्या तोंडासमोर हलत राहिला. थोड्या वेळाने खोकला थांबला. मला बरं वाटलं, तेवढ्यात तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ओठ निळसर दिसत होते. तिला दम्याचा त्रास कधीच नव्हता. बोलता येईना, म्हणून ती नुसती समोर बोट दाखवत होती. मला वाटलं, लवकर चला म्हणतेय. मी वेग वाढवला. वीस वर्षं गाडी चालवतोय, पण जालना अजून किती किलोमीटर, हा साधा हिशेब डोक्यात जुळेना. ही दवाखान्यापर्यंत टिकेल का, एवढंच मनात येत होतं.

“अरे, हाराकडं दाखवून राह्यली ती!” आई ओरडली. “काच उघड, जल्दी!”

दोन सीटांमधून वाकून तिने एका हिसक्यात हार तोडला आणि बाहेर फेकला. चार फुलं माझ्या पायाशी पडली. त्यांचीसुद्धा मला भीती वाटली.

दवाखान्यात वाफेतून औषध दिल्यावर ओठांचा रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, “झेंडूचे पराग हवेत फार उडत नाहीत. पण दिवसभर हाताळलेली फुलं, त्यात बंद गाडी... तपासणीशिवाय मी खात्रीने सांगणार नाही.” पुढे तपासणीत झेंडूच निघाला.

आता आई गाडीला आपट्याच्या पानांचा हार घालते, तोही बाहेरून. तरी गाडी सुरू केली की मी बायकोचा श्वास ऐकत राहतो.

“अहो, चालूय माझा श्वास,” ती म्हणते. “तुम्ही रस्त्याकडं बघा.”

मी रस्त्याकडे बघतो. गाणी लावायचं धाडस मात्र अजून होत नाही.