शीळ गेली, बाजा आला

समोरचा माणूस जिकडे हात दाखवील तिकडे निमूटपणे वळावे, म्हणजे आयुष्यात कधी भिंत आडवी येत नाही, असे मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्या भाऊजींची सगळी नोकरी गोंदियाजवळच्या एका राइस मिलच्या अंगणात गेली. धानाने भरलेला ट्रक फाटकातून आत आला की त्याला धरमकाट्यावर, म्हणजे वजन करायच्या त्या लोखंडी पाटावर, सरळ आणून उभा करायचा, एवढेच त्यांचे काम. पण ते काम ते पुजाऱ्याच्या गांभीर्याने करत. ट्रककडे तोंड करून उभे राहत, दोन्ही हात वर करत, आणि मग ज्या बाजूचा हात हले त्या बाजूला तो डोंगरासारखा ट्रक मुकाट्याने वळे. भाऊजींचा उजवा हात म्हणजे आपली डावी बाजू, असले हिशेब करत बसणारा नवखा ड्रायव्हर हमखास काट्यावरून घसरायचा. त्याला ते खाली उतरवून समजावत, "डावं-उजवं आपल्या घरी. इथं समोरच्याचा हात पाहाचा. जिकडे हात, तिकडे गाडी. बस."

नोकरी संपली तरी हात काही थांबले नाहीत. मी दर रविवारी गोंदियाहून स्कूटरने कामठ्याला त्यांच्याकडे जातो. अंगणात दहा बैलगाड्या मावतील एवढी मोकळी जागा आहे, तरी भाऊजी घरी असले की धावत बाहेर येतात आणि "येऊ दे, येऊ दे, थोडं हँडल काट, आणखी काट, बस!" असे करत माझी स्कूटर तुळशीपासून वीतभर अंतरावर आणून उभी करवतात. पंगतीत वाढप्याचा वरणाचा पळा त्यांच्या पानावर आला की तिथेही तेच, "येऊ दे, येऊ दे, बस!" एका पुतणीच्या लग्नात तर नवरदेवाला स्टेजच्या पायऱ्या चढवताना त्यांनी समोरून असे काही हात केले, की तो बिचारा घाबरून सरळ जाऊन भटजींच्या पाटावर बसला. मुहूर्त टळता टळता राहिला. भाऊजींचे म्हणणे एवढेच, की पोरगा चांगला आहे, नुसता स्टेअरिंगला जड आहे.

मिलच्या घरघरीत त्यांचे कान मात्र पार गेले. त्यांच्या मते कान चांगलेच आहेत, हल्ली लोकच हळू बोलायला लागले आहेत. पण कानांपेक्षा मोठी गोष्ट होती ती त्यांच्या शिळेची. तरुणपणी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी जी जत्रा भरते आणि लेकीबाळी माहेरी येतात त्या दिवशी, त्यांनी कुठल्याशा नाटकात एक गाणे ऐकले होते. नाटकाचे नाव गेले, गाण्याचे शब्दही गेले, उरल्या फक्त चालीच्या दोन ओळी. सायकलवरून घरी येताना वळणावरच्या बोरीपाशी आले की ते या दोन ओळी शिळेवर वाजवत. शीळ अशी स्वच्छ, की आत चुलीपाशी ताईला ऐकू जाई आणि ती चहाचे आधण ठेवी. सायकल भिंतीला टेकून, पाय धुऊन भाऊजी आत येईपर्यंत चहा उकळलेला असे. लग्न झाल्यापासून हा कारभार असाच चालला होता. चुलीचा गॅस झाला, सासूबाई गेल्या, पोरे नोकरीला पुण्या-रायपूरला पांगली, पण शीळ आणि चहा यांच्यात काही अंतर पडले नाही. रिटायर झाल्यावरही भाऊजी रोज दुपारी मिलसमोरच्या टपरीवर जाऊन बसत, चार ट्रकना फुकट हात दाखवत आणि संध्याकाळी शीळ घालत परत येत.

मग गेल्या उन्हाळ्यात दात गेले. पुढचे उरलेसुरले काढून डॉक्टरने कवळी बसवली. कवळी देखणी होती. ताई म्हणाली, लग्नातसुद्धा एवढे चांगले दिसत नव्हते. त्या संध्याकाळी भाऊजी बोरीपाशी आले, ओठांचा चंबू केला, आणि पंक्चर झाल्यासारखी नुसती हवा निघाली. आणखी जोर केला तर कवळीच सायकलच्या हँडलवर येऊन पडली. कवळी खिशात घालून त्यांनी स्वतःच्या घराची कडी वाजवली. ताईने दार उघडले, पाणी दिले, मग आधण ठेवले. चहा मिळाला, पण बसून वाट पाहिल्यावर मिळाला. पुढच्या रविवारी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, आपल्याच घरची कडी वाजवा लागते. पावन्यासारखं वाटते ना बे!" ते हसत होते, पण त्यांना खरोखर लागले होते.

त्यातूनच त्यांच्या डोक्यात माउथ ऑर्गनने, त्यांच्या भाषेत बाजाने, शिरकाव केला. शिळेची चाल बाजावर बसवायची आणि पूर्वीसारखे घरी यायचे. मी त्यांना गोंदियाच्या बाजारात घेऊन गेलो. दुकानदाराने अदबीने विचारले, "कौन से स्केल का दूँ, चाचाजी?" भाऊजी म्हणाले, "मजबूत दे." त्यांनी धानाचा नमुना पाहावा तसा बाजा तळहातावर तोलला, हुंगला, आणि पसंत केला. दुकानदाराने धरायचे कसे तेवढे शिकवले, जाड सूर डाव्या हाताला, बारीक उजव्या. तो धडा भाऊजींनी असा पक्का केला, की वाटेत रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हाही डावा हात चाचपून पाहिला.

बाकीचे शिक्षण मोबाइलवर. कुठला तरी एक हसतमुख तरुण तिथे हिंदीतून बाजा शिकवत असे. भाऊजी त्याला मास्तर म्हणत. गावाबाहेरच्या बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या त्या बांधावर, पळसाच्या बेचक्यात मोबाइल ठेवायचा, चपला काढायच्या, मास्तरांना नमस्कार करायचा, कवळी सदऱ्याच्या खिशात घालायची आणि सुरू. कवळी नसल्यामुळे शिकताना बोलणे बंद. मास्तर म्हणत, "दोस्तों, जल्दी मत कीजिए," आणि भाऊजी आज्ञाधारकपणे मान हलवत. बोडीतल्या म्हशी पहिले काही दिवस बिचकल्या, मग त्यांनीही मनावर घेणे सोडले. मास्तरांचे सूर शिडी चढल्यासारखे वर जात, भाऊजींचे विहिरीत उतरल्यासारखे खाली. मी हे एकदा ओरडून सांगितले, तर खिशातून कवळी काढून, ती बसवून, म्हणाले, "मास्तरचा बाजा महागाचा आहे." आणि कवळी पुन्हा खिशात. मास्तर ओठ जसे सरकवत तसेच हेही सरकवत, फुंक तिथे फुंक, ओढ तिथे ओढ, त्यात काडीची कसूर नव्हती. त्याच सवयीवर त्यांनी मग आपल्या शिळेची चाल बसवली आणि मला खुणेने सांगितले, की जमले.

त्या रविवारी मी ताईजवळ स्वयंपाकघरात बसलो होतो. संध्याकाळी फाटकापाशी बाजा वाजू लागला. असली चाल मी जन्मात ऐकली नव्हती. वर जाईल वाटे तिथे ती खाली बसे, संपली वाटे तिथे पुन्हा उठे. ताईने कान देऊन ऐकले, डब्यातून वाटीभर तांदूळ काढले आणि म्हणाली, "बाबू, कोणी मागाले आला आहे. घाल त्याले." मी वाटी घेऊन फाटक उघडले. समोर भाऊजी, ओठांशी बाजा, डोळ्यांत केवढी तरी आशा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग वाटीकडे. दोन दाणे उचलून तळहातावर फिरवले. "कणकी आहे हे, नुसता तुकडा," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "माणसाले असे तांदूळ द्याचे नसते." आणि सायकल घेऊन आत आले. पाय धुताना मात्र मला हळूच म्हणाले, "विसरली ना बाबू, तुझी बहीण माझी शीळ." मी म्हटले, भाऊजी, नवीन आहे, अजून चाल बसली नाही. ते म्हणाले, "चाल बसली आहे. तिच्या कानात नाई बसून राहिली."

माणूस हट्टी. धानाच्या रोवण्या झाल्या, पाऊसकाळ गेला, धान निसवले, भाऊजी रोज त्याच चालीवर घरी येत राहिले. ताई आता फसत नसे. बाजा वाजला की गॅस पेटे, चहा वेळेवर मिळे. पण भाऊजींचे समाधान चहाने होणारे नव्हते. आत आले की कवळी बसवून पहिला प्रश्न, "ओळखलं?" आणि आमची ताई म्हणजे खोटे बोलायचे तर जीभ अडखळणारी बाई. ती म्हणे, "अजी, तुम्ही आले हे ओळखलं. गाणं नाई ओळखलं." भाऊजी बशीत चहा ओतत. पूर्वी दोन कप घेणारा माणूस एकावर आला. एकदा ती मला म्हणाली, "हो म्हणून टाकलं असतं रे. पण त्याहिले समजते." मला दोघांचीही दया येई आणि दोघांपुढेही काही चालत नसे.

दिवाळीनंतर कामठ्याच्या मंडईला गेलो तेव्हा भाऊजी घरी नव्हते. गाव सगळे जत्रेत, आणि हा गृहस्थ बोडीच्या पाळीवर मास्तरांसमोर अनवाणी उभा. मी मागून गेलो आणि त्यांच्या खांद्यावरून पाहत राहिलो. मोबाइलमध्ये मास्तरांचे ओठ बारीक सुरांकडे, म्हणजे त्यांच्या उजवीकडे सरकले. पडद्यावर ती आमची डावी बाजू. भाऊजी तत्परतेने डावीकडे सरकले, थेट जाड सुरांत. मास्तर उलट आले, भाऊजीही उलट गेले. आणि माझ्या डोळ्यांपुढे धरमकाटा उभा राहिला. समोरचा जिकडे हात दाखवील तिकडे गाडी! सारी उमर ज्या विद्येवर ट्रक सरळ नेले, त्याच विद्येने हे गाणे नेमके उलटे केले होते.

मी काही समजावत बसलो नाही. त्यांच्या हातातला बाजा घेतला, त्याचे डावे टोक उजवीकडे केले आणि परत हातात दिला. "दुकानदारानं जाड सूर डाव्या हाताले सांगितला होता," ते कवळी शोधत तक्रारीच्या सुरात म्हणाले. मी म्हटले, आता असाच वाजवा, तोंड नेहमीसारखेच फिरवा. त्यांनी फुंकर घातली, आणि बोडीच्या पाण्यावरून ती शीळ निघाली. तीच, बोरीपाशची, अगदी जशीच्या तशी. त्यांना किती ऐकू आले कोण जाणे, पण माझा चेहरा त्यांना दिसला. बाजा खाली आला. ते पाळीवर बसले.

"मंग एवढे दिवस मी काय वाजवून राहिलो होतो?"

"उलटं, भाऊजी. पुरतं उलटं."

त्यांनी कवळी नीट बसवली. "आन् तसलं आयकून ते बिचारी चहा मांडून राहिली होती?"

मी स्कूटरने पुढे आलो आणि ताईला काही न सांगता स्वयंपाकघरात बसलो. ती चिवड्यासाठी पोहे चाळत होती. बोरीपाशी शीळ वाजली. ताईचे हात थांबले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. ती उठली नाही, गॅसकडे गेली नाही, चाळणी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, आणि तिचे डोळे भरून वाहू लागले. भाऊजी पायसुद्धा न धुता आत आले. प्रश्न त्यांनी विचारला नाही. दारात उभे राहून नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

"ओळखलं जी," ताई म्हणाली. "नाई ओळखाले काय झालं मले?"

भाऊजी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. चहा त्या दिवशी मी केला. कप हातात घेतल्यावर ताईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्यापासून मात्र ते दुसरंच वाजवत जा."

"काऊन? बरोबर नाई वाजलं का?"

"बरोबर वाजलं. म्हणूनच. हे आयकलं का मले वाटते, तुमची माय ओट्यावर बसली आहे, पोरं शाळेतून आले आहेत, आन् तुम्ही मिलमधून येऊन राहिले. दार उघडलं तं कोणीच नाई. ते दुसरं आयकलं का समजते, का तुम्ही येऊन राहिले. तेवढंच खरं आहे आता."

भाऊजींनी बशीतला चहा संपवला आणि कप पुन्हा पुढे केला. ताईने तो भरला.

आता रोज संध्याकाळी कामठ्यात तीच उलटी चाल वाजते. शेजारपाजारची पोरे ती गुणगुणतात, आणि हे खरे गाणे नव्हे असे त्यांना सांगायला कोणी जात नाही. सुलटी चाल फक्त मंडईच्या दिवशी, पोरे गावी आलेली असताना वाजवायची, असे त्या दोघांत ठरले आहे. रविवारी मी पोचतो, हॉर्न वाजवतो, ताई "आला का रे?" म्हणते, पण आधण बाजा वाजल्याशिवाय पडत नाही, त्यामुळे मलाही थांबावे लागते. मी थांबतो. माझ्या गोंदियाच्या फ्लॅटला चावीचे कुलूप आहे. मी ते माझे मीच उघडून आत जातो, आणि मी आलो आहे हे आतल्या खोल्यांना कळायला जरा वेळ लागतो. गेल्या आठवड्यात जिना चढताना मी उगीचच शीळ घालून पाहिली. दात सगळे शाबूत आहेत माझे, पण कुठली चाल वाजवावी तेच सुचेना.