पैनगंगेपल्याड नेलेला वरवंटा

गाव सोडताना घराला कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली, कावड खांद्यावर घेतली आणि चार पावलं चाललो. पुढच्या टोपल्यातून गिरजा म्हणाली, "बा, नाम्या आत हाय."

हे तुम्हा गावकऱ्यांना आजवर ठाऊक नाही, कारण बघायला तुमच्यातलं एकही माणूस तेव्हा गावात उरलं नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांनी, अकोल्याच्या या खोलीत बसून, मीच सांगून टाकतो. जे माघारी गेलात त्यांनी पोटभर हसावं. जे माझ्यासारखे इकडंच राहिले त्यांनीही हसावं, पण जरा सांभाळून.

गिरजा माझी थोरली, साडेपाच वर्षांची. नाम्या अडीचचा. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. तेव्हापासून घरातलं पाणी मीच कावडीनं भरायचो, आणि घागरी न सांडता आणतो म्हणून कावडीवर माझा भारी भरवसा. लेकरं काय, घागरींसारखीच नेऊ, असा विचार. एका टोपल्यात गिरजाला बसवलं, दुसऱ्यात पीठ, तांब्या आणि दोन भगुणी. उचलून पाहिलं तर तोल बराबर. तोल बसला म्हणजे सगळं घेतलं, असं मी समजलो. नाम्या कणगीमागं पोत्यावर झोपला होता.

कुलूप काढून त्याला आणला. पिठाशेजारी बसवला तर ती बाजू जड. पीठ गिरजाकडं दिलं तर ही बाजू जड. मग पुन्हा आत गेलो, पाट्यावरचा वरवंटा उचलला, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि नाम्याच्या पायाशी ठेवला. आता बसला तोल. पाटा घरात राहिला आणि वरवंटा माझ्यासोबत निघाला. दोन्हींपैकी एकावर चटणी वाटता येत नाही, हे कळायला मला नदी ओलांडावी लागली.

त्या वर्षी मोगलाईत राहणं अवघड झालं होतं, ते तुम्हाला मी काय सांगू. निजामाचं राज्य राहतंय की जातंय याचा पत्ता नाही, रोज नवी अफवा, रोज कुठल्या तरी गावाची वाईट खबर. पैनगंगेपल्याड वऱ्हाड, तिथं इंग्रज जाऊन आपलं राज्य आलेलं. गावानं ठरवलं, गाड्या जुंपायच्या आणि नदी ओलांडायची. त्या वेळी पारावर उभा राहून मी काय बोललो, ते म्हाताऱ्यांना आठवत असेल. "जायाचं त्यानं जावं. आमी न्हाई जाणार. हा केरबा एकटा गाव राखील."

कुणी मान डोलावली नाही. शेजारच्या रुक्माकाकू तेवढ्या बोलल्या, "केरबा, तू काय गाव राखतूस? तुला तुझी कोंबडी राखता आली न्हाई. गाडीत जागा हाय, लेकरं तरी दे."

"काकू, तुमी व्हा पुढं."

त्या पुढं झाल्या. धूळ खाली बसेपर्यंत मी पारावरून उतरलो नाही.

मग तीन दिवस मी गाव राखलं. सोबतीला दोन कुत्री होती, त्यातलं एक दुसऱ्या दिवशी निघून गेलं. पौष महिना, शिवारात हुरडा भरलेला आणि खायला फक्त पाखरं. कुणाच्याही रानात शिरा, कुणाचंही कणीस मोडा. लहानपणी मला याची फार हौस होती. गिरजानं परक्याच्या शेतातलं कणीस मोडलं, हातात धरून इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "बा, कुणी रागवंना काहून?" चौथ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो.

मोठी सडक सोडून शिवाराशिवारानं चाललो. सडकेवर भीती होतीच. पण माझं भाषण ऐकलेलं कुणी वाटेत भेटेल, ही भीती त्याहून मोठी. पैनगंगा पाच कोसांवर. तिच्या पल्याड आणखी तीन कोसांवर बायकोच्या थोरल्या बहिणीचं गाव. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. लेकरं सुखरूप आक्काच्या दारात पोचवायची, एवढं एकच काम मला करायचं होतं.

कोसभर गेलो नाही तोच गिरजा म्हणाली, "मला चालायचंय." उतरवलं. कावड कलंडली. रिकाम्या टोपल्यात काय टाकावं? रानात धोंड्यांना तोटा नाही. पाच-सात टाकले, तोल बसला. जरा वेळानं तिचे पाय दुखले. धोंडे काढले, तिला बसवलं. पुन्हा उतरली, पुन्हा धोंडे. माघारी आल्यावर 'आपलं रान इतकं साफ कुणी केलं' असं तुमच्यातल्या कुणाला वाटलं असेल, तर तो मी.

तांड्याजवळ एक लमाणबाई शेळ्या राखत होती. बराच वेळ आमच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, तिकडं दगड मिळत न्हाई का?"

"तोलासाठी हायती, बाई."

"पोरगी चालून राहिली, अन् तू धोंडे वाहून राहिला?"

मी खाली बघितलं. गिरजा माझ्या शेजारी उभी होती. तिच्या जागी टोपल्यात तिच्याएवढ्या वजनाचे दगड बसले होते. बाईनं मला आणखी लाजवलं नाही. शेळ्या सोडून आली, कावड उतरवली, नाम्याला माझ्या उपरण्यानं माझ्या पाठीशी बांधला. "आता पोरीचं बोट धर अन् जा." घागरीला बोट नसतं; लेकराला असतं. हे मला दोन लेकरांचा बाप होऊन सुचलं नव्हतं. टोपली आणि भगुणी तिलाच देऊन टाकली, पीठ बगलेत मारलं आणि कावडीची काठी हातात ठेवली.

गिरजा मात्र हलेना. "गोपाला घे."

गोपा म्हणजे वरवंटा. आपल्याकडं बारशाला पाळण्यात लेकरू घालण्याआधी बायका वरवंट्याला कुंची घालून, गोपा म्हणत, पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. नाम्याच्या बारशाला बायकोनं तो गोपा आधी गिरजाच्या मांडीवर दिला होता, तिला रुसवा येऊ नये म्हणून. आणि मी तोच वरवंटा तिच्या आईच्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. तिनं त्याला सकाळीच ओळखलं होतं. मला उशीर लागला.

"गिरजे, त्याचं आता काम न्हाई."

"त्यो आधीचा हाय. नाम्या मागून आला."

झालं. वरवंटा झोळीत घालून गळ्यात अडकवला. पाठीवर लेकरू, पोटावर धोंडा. लमाणबाई तोंडाला ओढणी लावून म्हणाली, "आता तोल बराबर हाय."

उन्हं कलताना नदी गाठली. उताराच्या जागी पाणी मांडीपर्यंत, मधे कमरेच्या वर, आणि तळाला शेवाळलेले गोटे. मला पोहता येत नाही. एक हात काठीला हवा, म्हणून एका वेळी एकच लेकरू. कसंही केलं तरी कुणीतरी कुठल्या तरी काठावर एकटं राहणारच होतं. नाम्याच्या कमरेला उपरणं बांधून दुसरं टोक बाभळीच्या मुळाला बांधलं, गोपा त्याच्या मांडीशी दिला आणि गिरजाला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलो.

मधोमध आल्यावर वरून आवाज आला, "आई बी हिकडूनच गेली?"

"व्हय."

बायकोला ताप होता. पल्याड माहेरच्या वैद्याकडं न्यायला गाडी जुंपली, तेव्हा उंबऱ्यात बसलेल्या गिरजाला ती म्हणाली होती, "बस हितंच, आलेच मी." मी बैल धरून उभा होतो, मी ऐकलं होतं. ती माघारी आलीच नाही. गिरजानंही ते सांभाळून ठेवलंय, हे मला ठाऊक नव्हतं. पल्याडच्या वाळूत तिला उतरवायला वाकलो आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "बस हितंच, आलोच मी."

तिनं दोन्ही मुठींनी माझे केस धरले.

"अगं, टकला करतीस का बापाला?" म्हणून पाहिलं. हसली नाही. पलीकडं नाम्यानं सूर धरला होता.

"येशील?"

"येईन."

"नाम्याला आणशील?"

"आणीन की."

"गोपाला?"

"त्याला बी आणीन."

तिनं एकेक बोट करून केस सोडले.

मी परत गेलो तर गाठ सुटलेली आणि नाम्या काठाच्या पाण्यात बसून दोन्ही हातांनी पाणी बडवत होता. आणखी दोन हात पुढं असता तर, हे मी अजूनही पुरतं मनात आणत नाही. त्याला उचलला, छातीशी आवळला आणि मागं न बघता नदी पार केली. अल्याडचं जग त्या वेळी माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. गिरजानं आधी नाम्याला बघितलं, मग माझ्या गळ्याकडं.

"गोपा?"

"राहिला बघ तिकडं. धोंडाच त्यो, गिरजे. आक्काकडं याहून मोठा हाय."

ती रडली असती तर मी तिला उचलून चालू लागलो असतो. पण ती रडली नाही. नाम्याला मांडीवर घेतलं, नदीकडं पाठ केली आणि म्हणाली, "बरं."

मोठी माणसं म्हणतात तसं बरं. जे होणार ते आधीच ठाऊक होतं, असं बरं. मला दिसलं की आता मी असाच पुढं गेलो, तर ही पोरगी जन्मभर मला बरं म्हणेल आणि माझ्या एकाही शब्दावर विसंबणार नाही.

बैलांना पाणी पाजायला आलेला एक वऱ्हाडी शेतकरी आमचा तमाशा बघत होता. त्याला म्हटलं, "भाऊ, लेकरांवर नजर ठेवा."

"आता काय राह्यलं तुमचं तिकडं?"

"वरवंटा."

"मोगलाईत काही ठेवता का नाही, बाप्पा?" तो म्हणाला, पण लेकरांजवळ येऊन बसला.

चौथ्यांदा पाण्यात उतरलो. बाभळीखाली गोपा होता तसाच होता. त्याला उचललं आणि क्षणभर तिथंच उभा राहिलो, कारण सकाळपासून पहिल्यांदा माझ्या अंगावर कुणाचं ओझं नव्हतं आणि बोट धरायलाही कुणी नव्हतं. मागं आपला सगळा मुलूख. बैलाची घंटा नाही, कुणाची हाक नाही. पुढं नदीपल्याड वाळूत दोन बारकी डोकी. इतका एकटा मी गाव राखतानाही नव्हतो. मग पाचव्यांदा उतरलो.

गिरजानं गोपा घेतला, परकराच्या टोकानं पुसला आणि नाम्याच्या शेजारी ठेवला. आक्काच्या गावापर्यंत माझं बोट सोडलं नाही.

आठ दिवसांनी मी अकोल्याला कापसाच्या जिनात काम मिळतं म्हणून निघालो. लेकरं आक्काकडंच राहणार होती. आता ही केस धरील, मग कसं करावं, म्हणून मी दोन-तीन गमती तयार ठेवल्या होत्या. गिरजा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"येतो, गिरजे."

"बरं, ये." मान वर न करता.

हे बरं वेगळं होतं. मी येणार याची तिला पुरती खात्री होती. धोंड्यासाठी जो नदीत उतरतो तो आपल्यासाठी येईलच. याचसाठी तर मी पाचव्यांदा पाण्यात शिरलो होतो. मग वेशीपर्यंत मी तीनदा मागं वळून का बघितलं, ते विचारू नका. एकदा तरी धरायचे होते केस.

जिनात भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. मी तकलीफसारखा आपल्याकडचा शब्द बोललो की मुकादम हसायचा आणि मला 'मोगलाई' म्हणूनच हाक मारायचा. सुट्टीला आक्काकडं जायचो. दर वेळी परतताना "येतो", दर वेळी "बरं, या". 'ये'चं 'या' कधी झालं, ते मला कळलं नाही. लेकरं वऱ्हाडी बोलायला लागली, काहूनचं काऊन झालं. निजामाचं राज्य गेलं, तुम्ही गाड्या जुंपून माघारी गेलात. मी आलो नाही. लेकरांची शाळा, माझी नोकरी, अशी कारणं मी तेव्हा कळवली होती, तीही खोटी नव्हती. पण पार अजून जागेवर होता आणि रुक्माकाकूंची जीभही. एकदा आलो होतो तेव्हा घराचं छप्पर उडालेलं दिसलं. पाटा काकूंनी स्वतःच्या अंगणात नेऊन ठेवला होता, त्यावर नदीतल्या गोट्यानं वाटत होत्या. म्हणाल्या, "गावराख्या, वरवंटा आण अन् पाटा घेऊन जा." आणतो म्हटलं. आयुष्यात एवढा एकच शब्द राहिला. काकू गेल्या, त्यांच्या सुनेला सांगा, पाट्याला टाकी लावत जा, गुळगुळीत होऊ देऊ नका.

गिरजा खामगावला दिली. निघताना तिनं गोपा माझ्या हातात दिला. "बा, तुमी आता एकटे. ह्याला ठेवा." नाम्या रेल्वेत आहे, दूर. दोघंही बोलावतात. येतो म्हणतो आणि जातोही. परतताना कुणी अडवत नाही. आता तर डोक्यावर धरण्याजोगं काही उरलंही नाही.

तुमचं घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी गडबडतो. ज्या दाराला कुलूप लावल्यावर आत कुणीतरी राहिलंय असं वाटतं, ते आपलं घर, एवढंच मला कळतं. तसं पाहिलं तर तुमच्याकडचं ते उघडं घर अजून माझंच. तिथल्या कुलपाची किल्ली आजही करदोड्याला आहे. आणि ही खोलीही माझीच म्हणायची. बाजाराला निघताना कुलूप लावतो, चार पावलं जातो आणि थांबतो. मागून कुणी काही म्हणत नाही. तरी माघारी येतो, कुलूप काढून आत बघतो. कोपऱ्यात गोपा असतो.

"काका, काही राहिलं का?" शेजारची सून विचारते.

"न्हाई पोरी, सगळं हाय," म्हणतो, आणि पुन्हा कुलूप लावतो.